सवलत, शेजार आणि शोध





या व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय जरा जड छापला गेला आहे. सरकारी धोरण, उद्योगाचं ठिकाण आणि तंत्रज्ञानातली नवनिर्मिती. हे वाचून कुणाला वाटलं असेल, की हे पुण्या-बंगळुरूचं बोलणं, कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत कशाला? मला उलट वाटतं. या विषयाला याहून योग्य गाव शोधून सापडायचं नाही. एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, गावातल्या रस्त्यानं पुढे गेलं की हुपरीचे चांदी कारागीर, आणि या सगळ्याच्या मधे आपला ऊस. विमानतळ १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झाला. पुढे धावपट्टी वाढवायची वेळ आली, तेव्हा याच गावच्या शिवाराकडे बोट गेलं. त्यामुळे धोरण म्हणजे काय, हे तुम्हाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. ते तुमच्या सातबाऱ्यापर्यंत आलेलं आहे.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाकतो. उच्च तंत्रज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेची इमारत येते. आत गार हवा, गळ्यात ओळखपत्र, टेबलावर संगणक. पण ओतकामात काही मिलिमीटर जाडीची भिंत न फाटता, आत पोकळी न राहता, हजार नगांत एकसारखी उतरवणं हेही उच्च तंत्रज्ञानच आहे. ज्यांनी ब्लोहोलमुळे परत आलेला माल पाहिला आहे, त्यांना हे मी सांगायला नको.

तर प्रश्न असा आहे. नवा शोध, नवं यंत्र, नवी पद्धत एखाद्या गावात का निघते आणि शेजारच्या गावात का निघत नाही? जागेचा गुण असतो? माणसांचा असतो? की सरकारचा? चार मुद्द्यांत मांडतो: आश्रय, शेजार, सवलत आणि गिऱ्हाईक. शेवटी आपण काय मागायचं, ते सांगतो.

पहिला मुद्दा, आश्रय.

बेळगावपासून सुरुवात करू. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. १८८८ साली बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान निघालं. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला. शेतकरी नांगर घेईनात. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी समजूत होती. नांगर पडून राहिले. हळूहळू लोकांचं मन वळत होतं, तोवर नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी जागा हवी झाली आणि कारखान्याला उठावं लागलं. नगरपालिकेचं काय चुकलं? तिच्या दप्तरात तो फक्त एक भूखंड होता. त्या भूखंडावर काय घडतंय, हे लिहायला दप्तरात रकानाच नव्हता. आजही बऱ्याच दप्तरांत नसतो.

मग औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं, कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९१० साली निवडुंगाच्या आणि सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शेजारून आगगाडी जात होती, एवढाच त्या जागेचा गुण. पंतांनी काय दिलं, याचा हिशेब करताना लोक जमीन मोजतात, पैसे मोजतात. तिसरी गोष्ट मोजायची राहते. त्यांनी कारखान्यात ढवळाढवळ केली नाही.

याच काळात आपल्या शेजारी इचलकरंजीत जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे होते. त्यांच्या पाठबळावर विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. आज त्या गावाचं काय झालं, ते तुम्ही जाणता.

आणि कोल्हापुरात? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवून गुळाला पेठ दिली, १९०६ साली कापडगिरणीची पायाभरणी केली. पण उद्योगाच्या दृष्टीनं मला त्यांची दुसरीच दोन कामं मोठी वाटतात. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आणि १९१८ साली बलुतेपद्धतीला कायद्यानं मूठमाती दिली. या दुसऱ्या गोष्टीकडे उद्योगाच्या नजरेनं कुणी फारसं पाहत नाही. लोहाराच्या पोरानं भाताच ओढावा आणि सुताराच्या पोरानं औतच तासावं, हे बंधन गेलं. ज्याला जे येईल ते त्यानं करावं, ज्याच्याकडे शिकावंसं वाटेल त्याच्याकडे शिकावं. हे औद्योगिक धोरण नव्हतं असं कोण म्हणेल? माझ्या मते या जिल्ह्यातलं ते पहिलं औद्योगिक धोरण होतं. हा धागा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

पण आश्रयाला एक मर्यादा असते. तो माणसावर अवलंबून असतो. पंतप्रतिनिधी नसते तर? शाहू महाराजांच्या जागी दुसरा कुणी असता तर? १ मार्च १९४९ला कोल्हापूर संस्थान विलीन झालं. राजाश्रय संपला. त्याची जागा कशानं भरून निघाली?

इथे मी दुसऱ्या मुद्द्यावर येतो, शेजार.

कोल्हापुरात उद्यमनगर नावाची वस्ती आहे. तिथल्या बोळातून एकदा सावकाश चाला. एका गाळ्यात पॅटर्न होतो, दुसऱ्यात कोअर, तिसऱ्यात ओतकाम, चौथ्यात लेथवर टर्निंग, पाचव्यात ग्राइंडिंग, आणि कोपऱ्यावर चहाची गाडी. त्या चहाच्या गाडीवर किती तांत्रिक प्रश्न सुटले असतील, याची नोंद कुठल्याही अहवालात नाही. "अमक्याची वाळू ओली राहते." "तमक्यानं रायझरची जागा बदलली, रिजेक्शन निम्म्यावर आलं." ही माहिती कुणी विकत नाही. ती बोलता बोलता पसरते. आल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८९० सालच्या ग्रंथात हेच मांडलं. एकाच धंद्याची माणसं एका ठिकाणी राहिली, की धंद्याची गुपितं गुपितं राहत नाहीत, मुलंसुद्धा ती नकळत शिकतात. मार्शलनं शेफिल्ड, लँकेशायर पाहिलं. त्यानं उद्यमनगर पाहिलं असतं, तर वेगळं काही लिहिलं नसतं.

म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार या उद्योजकांची नावं इथं आदरानं घेतली जातात. त्या पिढीतल्या माणसांनी बिघडलेली यंत्रं उघडून पाहिली, सुटे भाग करून पाहिले, आणि त्यातून ऑइल इंजिनं उभी केली. गिऱ्हाईक कोण? पंचगंगेच्या काठचा ऊसवाला. पाणी उपसायला त्याला इंजिन हवं होतं, आणि बिघडलं तर संध्याकाळच्या आत दुरुस्त करून हवं होतं. बनवणारा आणि वापरणारा यांच्यात सायकलवरचं अंतर होतं. शेतकऱ्याची शिवी दुपारी ऐकायची आणि रात्री इंजिनात सुधारणा करायची! यापेक्षा जलद प्रयोगशाळा जगात कुठे असेल?

हे फक्त इंजिनाचंच झालं नाही. १९१८च्या सुमाराला याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला. परदेशातून मागवला नाही, घडवला. त्या कॅमेऱ्याचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. रंगारी, मूर्तिकार, मिस्त्री, सोनार अशी हातानं विचार करणारी माणसं एका गावात होती, म्हणून ते झालं. पैसे गायिका तानीबाई कागलकरांनी दिले. आजच्या भाषेत त्यांना काय म्हणायचं? एंजल इन्व्हेस्टर!

आता एक कायदा सांगतो. कंटाळू नका, कायदा गमतीचा आहे. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात २७ वं कलम आहे. कुणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द, असं ते म्हणतं. म्हणजे मालकानं मिस्त्रीकडून लिहून घेतलं, की "नोकरी सोडल्यावर हाच धंदा काढणार नाही", तर त्या कागदाला किंमत नाही. गंमत अशी, की याच वर्षी, १८७२ साली, अमेरिकेत कॅलिफोर्नियानं जवळजवळ हेच कलम आपल्या कायद्यात घातलं. दोन्हींचं मूळ एकच आहे. न्यूयॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड यांनी केलेला कायद्याचा मसुदा. न्यूयॉर्कनं तो स्वीकारला नाही. कॅलिफोर्नियानं तो घेतला, आपण त्यातलं हे कलम घेतलं.

पुढे काय झालं? १९५७ साली कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञ शॉकली यांच्या कंपनीतून आठ तरुण शास्त्रज्ञ बाहेर पडले. त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. फेअरचाइल्डमधून माणसं बाहेर पडत राहिली, कंपन्या निघत राहिल्या. त्यातलीच १९६८ सालची एक इंटेल. दुसऱ्या टोकाला बोस्टनजवळच्या रूट १२८ या पट्ट्यात मोठ्या विद्यापीठांची, पैशांची, हुशार माणसांची वाण नव्हती. पण कंपन्या भिंती बांधून बसल्या होत्या आणि तिथला कायदा नोकरी सोडणाऱ्याचे हात बांधू देत होता. अॅनाली सॅक्सेनियन या अभ्यासक बाईंनी १९९४ साली या दोन पट्ट्यांची तुलना केली. त्यांच्या मांडणीचा गाभा हाच, की सिलिकॉन व्हॅलीत माणसं आणि माहिती एका कंपनीतून दुसरीत वाहत होती, रूट १२८वर ती कंपनीच्या आत कोंडली गेली. कायद्याचं कलम हे त्यामागचं एकमेव कारण नव्हे, पण मोठं कारण आहे, असं नंतरच्या काही अभ्यासकांनी मांडलं.

आता मागचा धागा उचला. १९१८ सालचा बलुतेबंदीचा कायदा आणि १८७२ सालचं हे कलम. दोन्हींनी एकच गोष्ट केली. माणसाला एका मालकाच्या, एका धंद्याच्या दावणीतून सोडवलं. उद्यमनगरात मिस्त्री मालकाकडे दहा वर्षं राबतो, मग पाच पावलांवर स्वतःचा लेथ टाकतो. मालक दोन दिवस बोलत नाही. तिसऱ्या दिवशी त्यालाच जॉबवर्क देतो. हा आपला स्वभाव आहे असं आपण समजतो. स्वभाव आहेच, पण त्याला कायद्याचं पाठबळ आहे. सरकारनं केलेल्या सगळ्यात उपयोगी गोष्टींना बऱ्याचदा एक पैसाही लागत नाही, आणि म्हणून त्यांचं उद्घाटनही होत नाही.

शेजाराचं एवढं कौतुक केलं, आता त्याची मर्यादा. १ जून १९२९ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. तिचे भागीदार दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी. 'अयोध्येचा राजा' १९३२ साली इथलाच. आणि १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. 'संत तुकाराम' पुण्यात झाला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. जिथे प्रभातचा स्टुडिओ होता, तिथे पुढे सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट काढली. बोलपट आला, धंदा मोठा झाला, भांडवल वाढलं, मुंबईची बाजारपेठ रोजच्या व्यवहाराची झाली. मूकपटाला जो शेजार पुरला, तो बोलपटाला पुरेना. शोध कोल्हापुरात जन्मला आणि वाढायला पुण्याला गेला. नव्वद वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. पण आज आपल्या किती घरांतली मुलं हीच वाट धरतात? हात वर करायला सांगत नाही. सांगितलं, तर सगळ्या सभागृहाचे वर होतील.

तिसरा मुद्दा, सवलत.

महाराष्ट्र राज्य झालं आणि लगेच प्रश्न आला, की सगळे कारखाने मुंबई-ठाण्यात एकवटले आहेत, बाकीच्या महाराष्ट्रानं काय करायचं? १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, सुरू झाली. १९६४ साली सवलतींची सामूहिक योजना आली. जितका भाग मागास, तितकी सवलत जास्त. हेतू चांगला होता आणि त्याचं फळही मिळालं. शिरोली, गोकुळ शिरगाव, पुढे कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत. रस्ते, पाणी, वीज आखून मिळाली. उद्यमनगरच्या बोळात न मावणाऱ्या भट्ट्या माळावर आल्या, बऱ्याच ठिकाणी कोकवरचे क्युपोला जाऊन विजेवरचे इंडक्शन फर्नेस आले. आज कोल्हापूर परिसरात ३००च्या आसपास फाउंड्र्या आहेत. देशातल्या मोठ्या ओतकाम केंद्रांत आपलं नाव आहे. त्यात एमआयडीसीचा वाटा नाकारणं कृतघ्नपणा होईल.

पण आता एक अडचणीचा प्रश्न विचारतो. या योजनेत सवलत सर्वांत कमी कुणाला होती? मुंबई, ठाणे आणि पुणे या पुढारलेल्या पट्ट्याला. आणि गेल्या साठ वर्षांत संशोधन सर्वांत जास्त कुठे झालं? त्याच पट्ट्यात. जिथे सवलत नव्हती तिथे शोध, आणि जिथे सवलत होती तिथे कारखाने. असं का व्हावं?

पुण्याकडे बघू. १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा. १९८१ साली टाटांची संशोधन संस्था, टीआरडीडीसी. १९८८ साली सी-डॅक. अमेरिकेनं आपल्याला हवा तो महासंगणक द्यायचं नाकारलं, तेव्हा विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकनं १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. त्याच सुमाराला सरकारनं सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आणली, आणि पहिल्या काही केंद्रांत पुणे होतं. उपग्रहाचा दुवा, आयात शुल्कात सूट, निर्यातीच्या नफ्यावर करमाफी. करमाफी २०११ साली संपली. कंपन्या उठून गेल्या का? नाही गेल्या. तोवर शेजार तयार झाला होता. पर्सिस्टंट, केपीआयटी या कंपन्या १९९०च्या आसपास निघाल्या आणि तिथेच मोठ्या झाल्या.

म्हणजे पुण्यातही सरकार होतंच. फरक एवढा, की तिथे सरकारनं प्रयोगशाळा आणल्या, आणि आपल्याकडे भूखंड आणले. सवलत देऊन कारखाना येतो, पण बऱ्याचदा त्याचं डोकं दुसरीकडे राहतं. नकाशा पुण्यात, निर्णय मुंबईत, आणि इथे फक्त भट्टी. सवलतीची मुदत संपली, की मालक पुढच्या सवलतीच्या शोधात. नुसतं पाणी सोडून ऊस येत नाही, मंडळी, बेणं लावावं लागतं. आपल्या वाट्याला पाणी आलं, बेणं पुण्यात लागलं.

आणि पाणीसुद्धा कधीकधी तुटतं, ही वेगळी गोष्ट. महाराष्ट्रातल्या विजेचा दर कर्नाटकापेक्षा जड म्हणून आपल्या उद्योजकांनी सीमेपलीकडे जाण्याची भाषा केली, ती तुम्ही वाचली आहे. इंडक्शन फर्नेस चालवणाऱ्याला वीज हा कच्चा माल असतो. शंभर वर्षांपूर्वी बेळगावहून उठलेला उद्योजक औंधला आला. आता आपला उद्योजक उलट्या दिशेला, निपाणीकडे बघतो. पण गंमत बघा, बहुतेकांनी गाशा गुंडाळला नाही. का? कारण तिकडे स्वस्त वीज आहे, पण पॅटर्नवाला, कोअरवाला, टर्निंगवाला आणि चहाची गाडी तिकडे नाही. शेजार ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. मात्र या आधारावर कुणी निर्धास्त राहू नये. शेजाऱ्यांचाही एक दिवस धीर सुटतो.

चौथा मुद्दा, गिऱ्हाईक.

इथे आपल्याच मातीतलं उदाहरण देतो. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर. वालचंद हिराचंद यांनी वसवलेलं, उसाच्या मळ्यातलं गाव. तिथला कारखाना मुळात साखर कारखान्यांची यंत्रं करणारा. मोठं शहर जवळ नाही, विद्यापीठ नाही, विमानतळ नाही. आणि १९७०च्या दशकापासून याच गावात भारताच्या अग्निबाणांची मोटर-आवरणं घडली. पीएसएलव्ही आकाशात जातो, तेव्हा त्याच्या पहिल्या टप्प्याचं पोलादी आवरण अनेकदा उसाच्या रानात घडलेलं असतं. हे कसं घडलं? सवलतीनं घडलं का? नाही. इस्रोसारखं गिऱ्हाईक भेटलं म्हणून घडलं. हे गिऱ्हाईक नुसती ऑर्डर देत नाही. ते नकाशा देतं, शेजारी आपला अभियंता बसवतं, जोड एक्स-रेनं तपासतं, नापास झाला तर कारण सांगतं आणि पुन्हा करायला लावतं. साखरेच्या यंत्रासाठी जो वेल्डर चांगला होता, तो अग्निबाणासाठी आणखी चांगला झाला. त्याचा हात सुधारला, तो सुधारलेलाच राहिला.

अमेरिकेतही हेच झालं. इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे चिप, नवीन होतं, महाग होतं, तेव्हा त्याचं पहिलं मोठं गिऱ्हाईक मिनिटमन क्षेपणास्त्र आणि अपोलो योजना, म्हणजे सरकार. सरकारनं चढ्या भावानं घेतलं, कडक कसोटी लावली, माल सुधारला, भाव उतरला, मग तो तुमच्या-आमच्या खिशात आला. तैवाननं जरा निराळी रीत केली. १९७३ साली सरकारी संशोधन संस्था काढली, १९८० साली तिच्याजवळ सिंचूचं विज्ञान उद्यान वसवलं, आणि १९८७ साली त्या संस्थेच्या कुशीतून टीएसएमसी ही कंपनी निघाली. आज जगाच्या चिपा तिच्यावर अडतात. आधी प्रयोगशाळा, मग शेजार, मग कंपनी. हा क्रम बघा. आपण बहुतेक वेळा उलट्या टोकानं सुरुवात करतो. आधी कमान, मग कोनशिला, मग फलक, आणि मग आत कुणाला बसवायचं याचा विचार.

आणि आपलं सरकारी गिऱ्हाईक कसं असतं? सर्वांत कमी दराची निविदा उघडतं. जो सर्वांत स्वस्त तो पास. यात नवीन काही करून दाखवणाऱ्याला जागा कुठे आहे? देश म्हणून आपण संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास खर्च करतो. दक्षिण कोरिया साडेचार टक्क्यांच्या वर आहे, चीन अडीचच्या घरात. आपल्याकडे आयकरात कंपनीच्या स्वतःच्या संशोधन खर्चाला एकेकाळी दुप्पट वजावट होती. २०१७ साली ती दीडपट झाली, २०२० साली जेवढा खर्च तेवढीच वजावट उरली. मोठ्या कंपनीला याचा फरक पडतो. पण खरं सांगा, दहा माणसांच्या फाउंड्रीला ती वजावट आधी तरी कधी मिळाली होती? तिला संशोधनाचा वेगळा हिशेब ठेवायला माणूस नाही. ती संशोधन करते, पण त्याला ती संशोधन म्हणत नाही. "जरा बदल करून बघितला" असं म्हणते.

आता शेवटचं. आपण काय मागायचं?

मागायची वेळ आली आहे, कारण इंजिनाचा काळ पालटतो आहे. विजेवरची गाडी आली, की सिलिंडर ब्लॉक, पिस्टन, लायनर यांची मागणी घटणार. सगळी एकदम नाही, ट्रॅक्टर आणि ट्रक अजून बराच काळ डिझेलवर चालतील. पण दिशा ठरलेली आहे. त्या गाडीतल्या विजेच्या मोटरचं आवरण बहुधा अॅल्युमिनियमचं असतं, बिडाचं नाही. ज्या शेजारानं ऑइल इंजिन जन्माला घातलं, तो या नव्या मालासाठी पुरेल का? की मूकपटाकडून बोलपटाकडे जाताना झालं तसंच पुन्हा होईल?

पहिली मागणी प्रयोगशाळेची. चाचणीला माल पुण्याला पाठवायचा आणि अहवालाची वाट बघत भट्टी थांबवायची, हे बंद व्हायला हवं. धातूची तपासणी, संगणकावर ओतकामाचं सिम्युलेशन, अॅल्युमिनियम आणि नव्या मिश्रधातूंचे प्रयोग, हे सगळ्यांना परवडेल अशा भाड्यानं इथेच मिळावं. आणि त्यात यंत्राइतकीच माणसांची तरतूद हवी. यंत्र येतं, उद्घाटन होतं, चालवणारा नेमलाच जात नाही, हे आपण अनेक ठिकाणी पाहिलं आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आपल्याकडे आहे, अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पुण्याहून विकत आणण्याऐवजी गोकुळ शिरगावातल्या एखाद्या फाउंड्रीचं रिजेक्शन कमी करून दाखवावं. गुण त्यावर द्यावेत.

दुसरी मागणी वेळेवर पैशांची. छोट्या पुरवठादाराचं बिल ४५ दिवसांत चुकवावं, असं कायदा म्हणतो. आता उशीर केला, तर त्या खर्चाची आयकरातली वजावटही त्या वर्षी अडते. कागदावर झकास आहे. पण ज्याचं बिल अडलंय, तो मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला जाईल का? पुढची ऑर्डर कोण देणार? इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी, गोशिमा असो, स्मॅक असो, सभासदाचं नाव पुढे न करता ही लढाई लढावी. ज्याचे पैसे अडकलेत तो प्रयोग करत नाही. तो बँकेच्या हप्त्याचा विचार करतो.

तिसरी मागणी छोट्या गाळ्यांची. विमानतळ वाढला, नवं टर्मिनल आलं, जमिनीचे भाव चढले. ज्यांनी जमीन दिली त्यांना याचा लाभ मिळालाच पाहिजे, यात दुमत नाही. पण नोकरी सोडून स्वतःचा लेथ टाकणाऱ्या मिस्त्रीला या भागात जागा परवडेनाशी झाली, तर शेजाराची साखळी तिथेच तुटेल. एकराच्या भूखंडाबरोबर पाचशे-हजार चौरस फुटांचे भाड्याचे गाळेही सरकारनं बांधावेत. १८७२च्या कायद्यानं बाहेर पडायचा हक्क दिला, पण बाहेर पडून उभं राहायला जागा लागते.

आणि विमानतळाबद्दल एक शब्द. रस्ता दोन्ही बाजूंना जातो, तसं विमानही. ते बंगळुरूचा अभियंता सकाळी इथे आणून संध्याकाळी परत नेऊ शकतं. आणि इथलं हुशार पोर कायमचं तिकडेही नेऊ शकतं. काय होईल, हे धावपट्टीच्या लांबीवर ठरणार नाही. उतरणाऱ्या माणसाला इथे बोलण्यासारखं कोण भेटतं, यावर ठरेल.

थोडक्यात सांगतो. आश्रयानं उद्योग जन्माला येतो, पण तो एका माणसावर तगून असतो. शेजारानं शोध पसरतो, पण एका मर्यादेपुढे तो अपुरा पडतो. सवलतीनं कारखाना येतो, त्याचं डोकं येईलच असं नाही. आणि चोखंदळ गिऱ्हाईक मिळालं, तर उसाच्या रानातही अग्निबाणाचा भाग घडतो.

म्हणून तरुणांनो, उद्या कुठलाही पुढारी, कुठल्याही पक्षाचा, या गावात आयटी पार्कची किंवा औद्योगिक पार्कची घोषणा करायला आला, तर हारतुरे जरूर घाला. आपण पाहुण्याला रिकामं पाठवत नाही. पण त्याला चार प्रश्न विचारा. इथे प्रयोगशाळा कोणती येणार आणि तिथे माणसं कोण बसणार? इथला पहिला माल सरकार स्वतः घेणार का, आणि कोणत्या कसोटीवर? नोकरी सोडून स्वतःचं काही काढू पाहणाऱ्याला गाळा किती भाड्यानं मिळणार? आणि पाच वर्षांनी सवलत संपली, तर कंपनीनं इथेच का थांबावं? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं धड असतील, तर चौथ्याचं उत्तर त्याला द्यावंच लागणार नाही. तुम्हीच ते उत्तर असाल. आणि पहिल्या तिन्हींवर त्यानं नुसती सवलतीची टक्केवारी वाचून दाखवली, तर त्याला नम्रपणे सांगा, "साहेब, भूखंड आमच्याकडे होतेच, ते आम्हीच तुम्हाला दिलेत. आता बाकीचं आणा."